निवड मोकळी, तर ओझे कोणाचे? ‘ईस्ट ऑफ ईडन’विषयी एका प्रश्नाचे उत्तर

जॉन स्टाइनबेकची ‘ईस्ट ऑफ ईडन’ वाचून संपवल्यावर तुम्ही जो प्रश्न विचारला आहे, त्याचे खरे तर दोन भाग आहेत. माणसाला आपला मार्ग निवडता येतो असे ही कादंबरी सांगत असेल, तर ट्रास्क घराण्यात बापाने केलेली चूक मुलगा जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा का करतो, हा पहिला भाग. दुसरा अधिक अवघड आहे: अ‍ॅरन युद्धात मेल्यानंतर त्याच्या भावाला, कॅलला, शेवटच्या पानावर जी मोकळीक दिली जाते तिला काय अर्थ उरतो? ‘मेलेला भाऊ परत येत नाही, मग हे बोलणे प्रारब्धावर पांघरूण घालण्यासारखे नाही का,’ असे तुम्ही लिहिले आहे. मी ही कादंबरी पदव्युत्तर वर्गाला बरीच वर्षे शिकवली आणि तिच्यातील काही प्रकरणे मराठीत आणण्याचा खटाटोपही केला. सुरुवातीची काही वर्षे मी या प्रश्नाला जे उत्तर देत असे ते चुकीचे होते, असे आता वाटते. नियतीवर इच्छाशक्तीचा विजय, असे काहीतरी मी फळ्यावर लिहीत असे आणि मुले ते उतरवून घेत.

ही चूक माझ्या लक्षात आली ती भाषांतर करताना, आणि तीही एका शब्दापाशी अडल्यामुळे. कादंबरीचा कणा असलेली बायबलमधील कथा तुम्हाला माहीत आहेच. काइन आणि हाबेल हे दोघे भाऊ देवाला अर्पण आणतात, देव हाबेलाचे स्वीकारतो, काइनाचे स्वीकारत नाही, आणि रागावलेल्या काइनाला सांगतो की पाप दाराशी टपून बसले आहे. त्यापुढच्या क्रियापदावर कादंबरीतला ट्रास्कांचा चिनी वंशाचा नोकर ली अडतो. एका जुन्या इंग्रजी भाषांतरात तेथे वचन आहे, ‘तू त्याच्यावर सत्ता चालवशील’; नंतरच्या एका अमेरिकन भाषांतरात आज्ञा आहे, ‘तू त्याच्यावर सत्ता चालव’. ली हा प्रश्न सॅन फ्रान्सिस्कोतील आपल्या मंडळातल्या वृद्ध पंडितांकडे नेतो, ते म्हातारे त्यासाठी हिब्रू शिकायला बसतात, आणि 2 वर्षांनी उत्तर येते की मूळ शब्द ‘टिमशेल’ हा ना वचन आहे ना आज्ञा. त्यात ‘तुला वाटल्यास’ असा अर्थ आहे. जाणकार सांगतात की मूळ उच्चार ‘टिमशोल’ असा आहे आणि ते क्रियारूप संदर्भानुसार भविष्य, आज्ञा किंवा शक्यता यांपैकी काहीही सुचवू शकते. तेव्हा लीने भाषांतरकारांची चूक पकडली असे म्हणण्यापेक्षा, उपलब्ध अर्थांपैकी एक त्याने निवडला असे म्हणणे अधिक बरोबर होईल. निवडीविषयीच्या शब्दाचा अर्थही निवडावाच लागतो, ही गंमत स्टाइनबेकच्या ध्यानात होती की नाही कोण जाणे.

मराठीत मी प्रथम ‘तू त्याच्यावर ताबा मिळवू शकतोस’ असे लिहिले. वर्गातल्या एका मुलीने हरकत घेतली की ‘शकणे’ म्हणजे अंगातले बळ. मला पोहता येते, मी दहा किलो उचलू शकते, तसे. मूळ इंग्रजीतला शब्द बळाचा नाही, परवानगीचा आहे, तेव्हा ‘तुला मुभा आहे’ असे का म्हणू नये? मी तिला तेव्हा ‘मुभा’ हा शब्द कचेरीतला वाटतो असे सांगून गप्प केले, पण तिचे म्हणणे डोक्यातून गेले नाही. बळ माणसाच्या स्वतःच्या अंगात असते. मुभा कोणीतरी कोणाला तरी द्यावी लागते. हा फरक मनात ठेवून कादंबरी पुन्हा वाचली, तेव्हा ती एकट्या माणसाच्या निर्धाराची कथा वाटेनाशी झाली. या कादंबरीत एकही महत्त्वाची निवड कोणी एकट्याने करत नाही, आणि तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मला तेथे सापडते.

पहिला प्रश्न भेटवस्तूंचा आहे. कनेक्टिकटमधल्या शेतावर सायरस ट्रास्कच्या वाढदिवसाला त्याच्या दोन मुलांपैकी चार्ल्स लाकडे फोडून कमावलेल्या पैशांतून एक चांगली जर्मन सुरी आणतो, आणि अ‍ॅडम रानात सापडलेले एक पिल्लू आणतो. सायरसला पिल्लू आवडते, सुरी तो कधी वापरतसुद्धा नाही. पुढे एका रात्री चार्ल्स अ‍ॅडमला मरेस्तोवर मारतो आणि कुऱ्हाड आणायला घरी जातो. अ‍ॅडम लपतो म्हणून वाचतो. एका पिढीनंतर कॅलिफोर्नियातल्या सॅलिनासमध्ये कॅल बापासमोर, म्हणजे याच अ‍ॅडमसमोर, कागदात गुंडाळलेले 15,000 डॉलर ठेवतो. बर्फात घालून कोबीसारखा लेट्यूसचा पाला रेल्वेने पूर्वेकडे पाठवण्याच्या अ‍ॅडमच्या धाडसात गाड्या वाटेत खोळंबल्या, माल सडला आणि बरीचशी पुंजी बुडाली. ती भरून काढण्यासाठी कॅलने लीकडून 5,000 डॉलर घेतले, शेजारच्या हॅमिल्टन घराण्यातल्या विलशी भागीदारी केली, शेतकऱ्यांकडून घेवडा आधीच ठरलेल्या भावाने घेतला आणि युद्धामुळे भाव चढल्यावर विकला. अ‍ॅडम ते पैसे घेत नाही. ज्या शेतकऱ्यांना लुबाडलेस त्यांना ते परत कर, म्हणतो, आणि वर सांगतो की तुझ्या भावाने दिले तसे काही तू देऊ शकला असतास तर मला आनंद झाला असता.

बारकाईने पाहिले तर अ‍ॅडमचे बोलणे खोटे नाही. तो सैन्यभरतीच्या मंडळावर आहे, कोणत्या पोराला युद्धावर पाठवायचे यावर सह्या करतो, आणि त्याच युद्धाने फुगवलेला नफा जेवणाच्या टेबलावर आलेला त्याला सहन होत नाही. पैशाविषयी तो बरोबर आहे, मुलाविषयी चूक आहे, आणि या दोन गोष्टी एकाच वाक्यात घडतात म्हणून तो प्रसंग इतका वाईट रीतीने खरा वाटतो. (या सज्जनाने सॅलिनासमध्ये बस्तान बसवले ते ज्या वारशाच्या बळावर, तो सायरसचा पैसा कोठून आला हा प्रश्न चार्ल्सने उघडपणे विचारला होता. आपला बाप प्रामाणिकच होता, असे सांगून अ‍ॅडमने तो विषय संपवला. मुलाच्या पैशाची झडती घेणाऱ्याने बापाच्या पैशाची घेतलेली नसते, हे स्टाइनबेक कोठेही मोठ्याने सांगत नाही.)

आता तुमचा प्रश्न: ज्याने हेच सारे एकदा पाहिले होते, त्याने ते पुन्हा का करावे? मला वाटते, त्याने ते पाहिलेच नव्हते. अ‍ॅडम हा आवडता मुलगा होता. बापाच्या आवडीची त्याला फारशी किंमतही नव्हती. सायरसवर प्रेम होते ते चार्ल्सचे. त्यामुळे नाकारलेली सुरी ही अ‍ॅडमच्या आयुष्यातली घटनाच नाही. मार देता देता चार्ल्सने तिचा उल्लेख केला होता, पण मार खाणाऱ्याला मारच आठवतो, त्यामागचे कारण आठवत नाही. कॅलला वाचवू शकेल असा या घराण्यातला एकमेव अनुभव चार्ल्सपाशी होता, आणि चार्ल्स हजारो मैलांवर एकटा राहून मेला. घराण्यातील चूक रक्तातून उतरते असे आपण सहज म्हणतो. येथे ती उतरली याचे कारण अगदी साधे आहे: ज्याला जखम झाली त्याची हकिगत ज्याच्या हाती पुढे मुले आली त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही. आपल्याकडेही मोठ्या घरांत आजोबांच्या निवाड्याची गोष्ट ज्याच्या बाजूने निवाडा झाला त्याच्या तोंडूनच पुढच्या पिढीला ऐकायला मिळते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

‘प्रारब्ध’ हा शब्द तुम्ही वापरलात म्हणून थोडे विषयांतर करते. मराठी वाचकाला या कादंबरीत प्रारब्ध दिसणे स्वाभाविक आहे, आणि संचित, प्रारब्ध, क्रियमाण ही आपली विभागणी काही अंशी उपयोगीही पडते, कारण तिच्यात ‘आत्ता करतो आहोत ते’ या गोष्टीला वेगळे नाव आहे. परंतु कर्माच्या हिशेबात भोग ज्याचा त्याने भोगायचा असतो. ट्रास्कांच्या घरात नेमके उलटे आहे: मुलांची आई कॅथी (पुढची केट) घर सोडून जाते, अ‍ॅडम सत्य लपवतो, कॅल ते क्रूरपणे उघड करतो, आणि मरतो अ‍ॅरन, ज्याने यांपैकी काहीच केलेले नाही. या जमाखर्चाला प्रारब्ध म्हणून मोकळे होता येत नाही.

या ठिकाणी मला कादंबरीतील सर्वात महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे, आणि ती निवडीच्या मोठ्या प्रसंगांविषयी नाही. या पुस्तकात ज्या निर्णयांचे परिणाम सर्वात लांबवर पोहोचतात, ते निर्णय आहेत हे घेणाऱ्याला कळतही नाही. कॅथी अ‍ॅडमच्या खांद्यात गोळी घालून निघून गेल्यावर अ‍ॅडम सुन्न होऊन बसून राहतो, आणि वर्ष उलटले तरी जुळ्या मुलांना नावे ठेवत नाही. शेजारी, विलचा बाप सॅम्युएल हॅमिल्टन येऊन त्याला अक्षरशः ठोसा मारतो, तेव्हा कोठे त्या झाडाखालच्या बैठकीत मुलांना अ‍ॅरन आणि कॅलेब ही नावे मिळतात. मुलांना नावे न ठेवण्याचे कोणी ‘ठरवत’ नाही, ते राहून जाते. पुढे मुलांना आई मेली असे सांगितले जाते. सॅम्युएल अ‍ॅडमला तिचा ठावठिकाणा सांगतो. ती सॅलिनासमध्ये केट या नावाने कुंटणखाना चालवते हे कळून, स्वतः जाऊन तिला भेटून आल्यावरही तो मुलांना काही सांगत नाही. कॅल स्वतःच ते शोधून काढतो. मग बाप आणि हा मुलगा मिळून ठरवतात की अ‍ॅरनला हे झेपणार नाही, तेव्हा त्याला कळू द्यायचे नाही. माझ्या मते अ‍ॅरनचा मृत्यू त्या प्रेमळ संभाषणात ठरतो. ज्याला सत्य झेपणार नाही असे आपण ठरवले, त्याला ते झेपण्याची तयारी करू न देण्याचा निर्णयही आपणच घेतलेला असतो. शिवाय ते गुपित आता कॅलच्या हाती, भरलेल्या बंदुकीसारखे आहे. पैसे नाकारले गेल्याच्या रात्री तो अ‍ॅरनला केटच्या दारात नेतो. लगेच अ‍ॅरन सैन्यात भरती होतो, केट सारी मालमत्ता अ‍ॅरनच्या नावे करून विष घेते, आणि काही महिन्यांनी फ्रान्समधून अ‍ॅरनच्या मृत्यूची तार आल्यावर अ‍ॅडमला पक्षाघात होतो. पुष्कळ वाचक यात कॅलचे एक दुष्ट कृत्य आणि त्याची साखळी पाहतात. मला तेथे सतरा वर्षांची एक गप्प बसण्याची सवय दिसते, जिच्या शेवटच्या टोकाला कॅल उभा होता.

केटविषयी थोडक्यातच लिहिते, कारण तेथे कादंबरी दुबळी आहे असे माझे मत आहे. ती जन्मतःच राक्षसी आहे असे लेखक आधी सांगतो, आणि मग सतराव्या प्रकरणाच्या आरंभी स्वतःच शंका काढतो की आपले ते म्हणणे खरे होते का. ही कबुली प्रामाणिक आहे, पण उशिरा आलेली. जन्मतःच एखाद्याच्या ठायी निवडीची शक्ती नसेल तर ‘टिमशेल’ सर्वांसाठी नाही असे होते, आणि या अडचणीतून स्टाइनबेकला बाहेर पडता आलेले नाही. तिचे एकच काम मला पटते: तिला भेटून निघताना कॅलला उमगते की आपण तिचे पोर असलो तरी तिच्यासारखे असण्याची सक्ती आपल्यावर नाही. त्याच सुमारास लीही त्याला झापतो, की आईच्या रक्ताची सबब माझ्यासमोर सांगायची नाही. तू जे करशील ते तूच केलेले असेल. तुम्ही 1955 सालचा एलिया कझानचा चित्रपट पाहून मग पुस्तकाकडे वळला असाल तर हे बोलणे नवे वाटले असेल, कारण चित्रपटात कादंबरीचा शेवटचा भागच आहे आणि ली हे पात्रच नाही. लीशिवाय ही कथा बापलेकांच्या रुसव्याची होते. ती चांगली होते, पण निराळी.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येताना आधी सॅम्युएलच्या मुलाची, टॉम हॅमिल्टनची, आठवण करून द्यावीशी वाटते, ज्याच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. 1951 साली स्टाइनबेक ही कादंबरी लिहीत होता तेव्हा वहीच्या डाव्या पानावर आपल्या संपादकाला, पास्कल कोविचीला, पत्र लिहून मग उजव्या पानावर कथा लिहीत असे. आपल्या दोन लहान मुलांना आपल्या खोऱ्याची आणि माणसांची ओळख करून द्यावी हा त्याचा मूळ हेतू होता. म्हणून हॅमिल्टन हे त्याच्या आईचे खरे माहेर आहे आणि ट्रास्क कल्पित. दोन कथा नीट सांधलेल्या नाहीत अशी तक्रार समीक्षक करतात, आणि ती पुष्कळशी रास्त आहे. पण एका ठिकाणी सांधा घट्ट बसला आहे. टॉमची बहीण डेसी त्याच्याकडे राहायला येते, तिच्या पोटात कळा येतात, आणि टॉम भल्या भावनेने तिला रेचकाचे क्षार पाजतो. त्यामुळे ती दगावते. टॉम आईला आणि भावाला एकेक पत्र लिहितो, आपण घोड्यावरून पडून मेलो असे आईला कळावे अशी व्यवस्था करतो, आणि स्वतःवर गोळी झाडतो.

टॉमच्या मनात बहिणीविषयी वाईट काही नव्हते. कॅलच्या मनात त्या रात्री भावाविषयी वाईटच होते. दोघांच्याही हातून भावंड गेले. निर्दोष टॉम जगत नाही आणि दोषी कॅल जगतो, यात न्याय कोठे आहे असे मला एकदा वर्गात विचारले गेले. न्याय नाहीच. फरक एवढाच आहे की टॉमच्या अखेरच्या रात्री त्या माळावरच्या घरात दुसरे कोणी नव्हते. बाप, सॅम्युएल, केव्हाच गेला होता. कॅलपाशी मात्र ली होता, आणि अ‍ॅब्रा होती. अ‍ॅब्रा खरे तर अ‍ॅरनची व्हायची. परंतु अ‍ॅरनने तिच्याविषयी मनात एक सोवळी मूर्ती रचली आणि तिच्याशीच तो बोलत राहिला, हे तिला लवकर समजले. तिचा स्वतःचा बापही पैशाच्या अफरातफरीत सापडलेला आहे. स्वतःचे घर कसे आहे हे माहीत असलेली ही मुलगी कॅलच्या कबुलीजबाबाने दचकत नाही.

तेव्हा ‘मोकळीक’ या शब्दाने तुमची जी फसगत झाली, ती मी माझ्या जुन्या शिकवण्यावरच घेईन, कारण आपण सगळेच तो शब्द ‘सुटका’ या अर्थी वाचतो. कॅलची सुटका होत नाही. अ‍ॅरन मेलेला राहतो, अ‍ॅडम मरणार असतो, आणि कॅल म्हणतो की मी भावाला मारले, तेव्हा त्या वाक्यातला अपराध कोणीही धुऊन काढत नाही. लीने तसा प्रयत्न केला असता तर मला पुस्तक बाजूला ठेवावेसे वाटले असते. ली अपराधाला हात लावत नाही. तो फक्त त्या अपराधानंतरच्या दिवसाविषयी बोलतो. कॅल उद्या सकाळी उठून काय करील, अ‍ॅब्राशी कसा वागेल, पुढे त्याच्या मुलाने काही तरी अवघडलेली भेट आणून समोर ठेवली तर तिच्याकडे पाहील की हिशेब करील, एवढेच अजून ठरलेले नाही, आणि मुभा आहे ती एवढ्याच पट्ट्यापुरती. घडून गेलेल्याला ती लागू नाही. मी पूर्वी फळ्यावर लिहीत असे तो ‘विजय’ या पट्ट्यात मावत नाही.

आणि ही मुभा कॅल स्वतःची स्वतः घेऊ शकत नाही. लीला हे माहीत आहे, म्हणूनच तो मुलाची समजूत घालत बसण्याऐवजी त्याला आणि अ‍ॅब्राला घेऊन मरणपंथाला लागलेल्या बापाच्या खाटेपाशी जातो. अर्धांगाने बोलू न शकणाऱ्या माणसाकडे असे काही मागणे हे क्रौर्य आहे असे नर्सला वाटते, आणि मलाही दरवेळी वाचताना वाटते. ली अ‍ॅडमला सांगतो की या मुलाला तुझा आशीर्वाद हवा आहे, त्याला मोकळा कर, निदान त्याचे नाव तरी घे. शेवटचे पान शिकवताना मी पुष्कळ वर्षे ‘टिमशेल’ या शब्दावर थांबत असे आणि लीने काय मागितले होते ते वगळत असे. त्याने नाव मागितले होते, आणि ते मागितले होते त्या माणसाकडे, ज्याने हीच दोन मुले वर्षाहून अधिक काळ बिननावाची ठेवली होती. अ‍ॅडमचे ओठ हलतात, आवाज फुटत नाही, तो पुन्हा प्रयत्न करतो, आणि नावाच्या जागी तो शब्द बाहेर पडतो. मग तो डोळे मिटतो.